विहिरीच्या भिंतीतला उंबर

विहिरीच्या भिंतीतला उंबर काढायचं काम आलं तेव्हा आम्ही दोघंही दमलेलो होतो. आमच्या ह्यांची मान तर वर्षभर दुखत होती. हे गवंडी, जुनं दगडी बांधकाम दुरुस्त करणारे. सिमेंटचं काम करणारे डहाणूत पुष्कळ आहेत, चुन्यात हात घालणारे फार उरले नाहीत. त्यामुळे कुठे देवळाचा ओटा फुगला, कुठे तळ्याची पायरी सरकली, की लोक मसोलीत आमचं घर शोधत येतात. मुलगी लग्न होऊन वापीला गेली आणि मीही ह्यांच्याबरोबर कामावर जायला लागले. आधी नुसतीच सोबत म्हणून, मग चुना कालवायला, मग दोर धरायला. आता कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी सांगते, दगडातली झाडं काढते.

निम्मं काम तेच असतं. जुन्या भिंतीचं पावसाने होत नाही एवढं नुकसान पाखरांनी होतं. पाखरू उंबर नाहीतर पिंपळाची फळं खातं, भिंतीवर येऊन बसतं आणि त्याच्या शिटेतून बी दगडांमधल्या फटीत पडतं. केसाएवढं मूळ आत शिरतं. माणसाचं लक्ष जाईपर्यंत ते मांडीएवढं झालेलं असतं आणि दगडाला बाहेर ढकलत असतं.

ही विहीर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावरची. चौकोनी, घडीव काळ्या दगडाची, एका बाजूने आत उतरायला पायऱ्या. कोणी बांधली ते पाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या आधीपासून आहे, एवढंच सांगायचे. उन्हाळ्यात सगळा पाडा तिच्यावरच. पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीतून उंबर आडवा बाहेर आला होता आणि मग वर वळून चांगला डेरेदार झाला होता. त्याच्या खालचे दगड पोटुशा बाईच्या पोटासारखे पुढे आले होते. बाकीच्या भिंतींत जिथे तिथे पिंपळाची रोपं होतीच.

पावसाळा संपता संपता त्या फुगवट्यातला एक दगड निसटला. तेव्हा खाली, त्या भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर, पाड्यावरची एक तरुण सून हंडा भरत होती. दगड आधी हंड्यावर आपटला आणि मग तिच्या हातावर. हंडा मध्ये नसता तर ती वाचली नसती. कोपराचं हाड मोडलं. त्यानंतर पंचायतीने आम्हाला बोलावलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्याआधी एक जेसीबीवाला येऊन उभा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. बुंध्याला साखळी बांधतो, एक हिसका देतो, झाड बाहेर.

हे विहिरीच्या काठावर ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "झाड बाहेर येईल. त्याच्या मागून भिंतही येईल. मुळांनी दगड धरून ठेवलेत. ढकललेतही त्यांनीच आणि आता धरलेतही त्यांनीच."

"मग काढायचं कसं?" पंचायतीचे सदस्य म्हणाले.

"वरून खाली. थोडं थोडं. आतलं मूळ ओढायचंच नाही. ते जागच्या जागी मरू द्यायचं."

"किती दिवस लागतील?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न आला की ते नेहमी माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, "कापायला थोडे लागतील. मरायला किती लागतील ते झाडावर आहे."

काम ठरलं असं वाटत असतानाच जिचा हात मोडला होता तिची सासू पुढे आली. वाळकी, ताठ कण्याची म्हातारी. ती तिच्या बोलीत बोलायची. मला ती समजते, बोलता येत नाही, म्हणून इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

"झाडाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "उंबर आहे तिथे पाणी आहे. उंबर गेला की पाणी जातं."

सदस्यांनी तिला समजवायला सुरुवात केली, पण मागे जमलेल्या बायका तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही तीच धास्ती होती हे मला दिसत होतं. ही समजूत काही त्या पाड्याचीच नाही. माझी आई वरोरची, समुद्राकाठची, तीही हेच सांगायची. विहीर खणायची तर उंबर बघून खणा.

तेवढ्यात सून बोलली. गळ्यात हात अडकवलेला, अंगात ताप असावा असा चेहरा. "आये, दगड माझ्यावर पडला. उद्या पोरींवर पडेल."

सासू म्हणाली, "पाणी गेलं तर पोरी जगतील काय?"

दोघी एकाच घरातल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही, दोघी विहिरीकडे बघून बोलल्या. मध्ये मी उभी होते आणि मला वाटत होतं, आपण आमच्या टेम्पोत बसून घरी जावं.

शेवटी पाड्यावरच्या भगताला बोलावलं. त्याने झाडाजवळ तांदूळ मांडले, नारळ फोडला, झाडाची परवानगी मागितली. ती मिळाली असं तो म्हणाला. मी सुचवलं की याचीच एक फांदी विहिरीपासून लांब, बांधावर लावू. म्हातारी म्हणाली, "आधी ती लावा, मग कापा." तसं केलं. ती फांदी थंडीतच वाळून गेली, पण तोवर काम सुरू झालं होतं.

आधी फुगलेल्या भिंतीला लाकडाचे टेकू दिले. समोरच्या भिंतीपर्यंत आडव्या बल्ल्या ठोकल्या, खाली पाण्यावर ताडपत्री ताणली, म्हणजे भुसा आणि चीक पाण्यात पडू नये. मग बांबूची परांची. दोर मी वरोरहून आणले होते, माझ्या मामेभावाच्या बोटीवरचे. बाजारातल्या दोरापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे. फांदी आधी दोराला बांधायची, मग कापायची आणि हळूहळू खाली सोडायची. कापली आणि पडू दिली असं करायचं नाही. पडणारी फांदी खालचे दगड उडवते. मी काठावरच्या खांबाला दोराचे वेढे देऊन धरायची. हे वरून "सोड" म्हणाले की सोडायचं, "थांब" म्हणाले की थांबायचं. दिवसभर एवढे दोनच शब्द. बायकांना पाणी भरायला सकाळची वेळ ठरवून दिली होती. ती संपली की विहिरीपाशी कोणाला येऊ द्यायचं नाही, हेही माझंच काम होतं.

उंबराचा चीक कातडीला लागला की खाज सुटते, डोळ्यात गेला तर आग होते. हातमोजे घालूनही माझी मनगटं लाल झाली. रात्री जेवताना हात तोंडाकडे न्यायचा कंटाळा यायचा. मुलीचा फोन आला की मी म्हणायची, उद्या बोलू.

एक दिवस हे वरच्या फांदीला आरी लावून उभे होते आणि आरी थांबली. मी "सोडू का?" म्हणून विचारलं, उत्तर नाही. वर पाहिलं तर त्यांनी दोन्ही हातांनी परांचीचा बांबू धरला होता आणि डोकं एका बाजूला वाकडं होऊन तसंच राहिलं होतं.

"मान अडकली," ते म्हणाले. "गरगरतंय."

कमरेला पट्टा होता, पट्टा वरच्या दोराला होता, त्यामुळे ते पडले नसते. पण निम्मी कापलेली फांदी माझ्या दोरावर होती. तो सोडून मला वर जाता येत नव्हतं. मी हाक मारली. म्हातारी रोजच्यासारखी पलीकडच्या दगडावर बसली होती. आम्ही झाड कापतो आहोत ते बघायला ती रोज येऊन बसायची. ती उठली, धावत आली आणि तिने माझ्या हातातला दोर धरला. मागून सून आली, तिने एका हाताने त्याचं टोक धरलं. मी वेढे पक्के केले आणि परांचीवर चढले. खाली ताडपत्री, तिच्याखाली पाणी. ह्यांच्या खांद्याला खांदा लावला तरी त्यांची बांबूवरची मूठ सुटेना. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना घाबरलेलं फारसं पाहिलेलं नाही.

"हळूच," मी म्हटलं. "माझ्यावर भार टाका."

"तुला झेपणार नाही."

"न झेपून सांगते कोणाला?"

एकेक बांबू करत आम्ही खाली काठावर आलो. ते जमिनीवर आडवे पडले. म्हातारीने दोर सुनेच्या आणि माझ्या हवाली केला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झाडाने मानेला धरलं." मग घरी जाऊन मोहाचं तेल घेऊन आली आणि स्वतः त्यांच्या मानेला चोळलं. चोळताना अखंड शिव्या देत होती. शिव्या कोणाला, ते काही कळलं नाही.

नंतरचे दिवस ह्यांनी मानेचा पट्टा गळ्याला लावून काम केलं. वर बघायचं काम संपलं होतं ते बरं. फांद्या गेल्या, खोड तुकड्यातुकड्याने उतरवलं, बुंधा भिंतीच्या अंगाबरोबर कापला. शेवटी शेवटी यंत्राची आरी बाजूला ठेवून हाताच्या करवतीने, म्हणजे सैल दगडांना हादरा बसू नये. जे दगड हलत होते तेवढेच काढले. प्रत्येकावर खडूने खूण केली, मागची केसासारखी मुळं कापली, दगड पुन्हा त्याच जागी चुन्यात बसवले. हललेला नाही त्या दगडाला हात लावला नाही. जाड मुळं आतच राहिली.

डहाणूच्या एका दुकानदाराने औषध सुचवलं होतं. बुंध्याला भोकं पाडा, आत भरा, झाड पुन्हा फुटणार नाही. कोसबाडला शेतीचं शिकवणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, कोरड्या भिंतीत जपून वापरता येईल, पण या झाडाची मुळं पिण्याच्या पाण्यात उतरलीत, इथे नको. आमचाही जीव धजत नव्हताच. म्हणून साल सोलली, बुंध्यावर गोणपाट आणि त्यावर काळं प्लास्टिक बांधलं, उजेड मिळू नये म्हणून. आता कोंब फुटेल तसा खुडायचा. पुन्हा फुटला, पुन्हा खुडायचा. आत साठवलेलं संपलं की मूळ मरतं. झाड दमेपर्यंत आपण दमायचं नाही, एवढंच ते काम.

पण आम्ही दमायचो. मसोलीहून तलासरी, तिथून पाडा, टेम्पोचा तो जुना क्लच, आणि एवढं जाऊन काम काय, तर बोटाएवढे कोंब खुडायचे. हे म्हणायचे, "पुढच्या खेपेला तू एकटीच जा." पुढच्या खेपेला स्वतःच आधी टेम्पोत बसलेले असायचे.

मग उन्हाळा आला आणि विहिरीचं पाणी उतरलं. दर उन्हाळ्यात उतरायचंच. पण त्या वर्षी तळाचा खडक दिसायला लागला. बायका पायऱ्या उतरून शेवटी वाटीने पाणी कळशीत भरायच्या. मग पाण्याचा टँकर यायला लागला. आम्ही पोहोचलो की पूर्वी कोणीतरी खाट टाकायचं, चहा यायचा. आता कोणी पुढे येईना. एक बाई माझ्या अंगावरून जाताना मोठ्याने म्हणाली, "आले झाड मारणारे." मी ऐकून घेतलं. काय सांगणार होते? आसपास नव्या बोअरवेल झाल्या होत्या, पाऊसही आदल्या वर्षी लवकर गेला होता. हे सगळं खरं. पण उंबर तोडला आणि पाणी गेलं, हेही त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं. माझ्या मनातही शंका होतीच. घरी येताना एकदा ह्यांना विचारलं, "खरंच झाडामुळे असेल का?" ते म्हणाले, "मला दगडातलं कळतं."

मे महिन्यात एकदा गेलो तर बुंध्यावरचं प्लास्टिक बाजूला पडलेलं. गोणपाट नव्हतंच. बुंध्यातून हातभर कोंब आले होते, लालसर, टवटवीत. मी परांचीच्या उरलेल्या फळीवरून जवळ जाऊन बघितलं तर दगड ओला. अख्ख्या विहिरीत पाणी नाही आणि बुंध्याखालचा दगड ओला. मी बोट लावून पाहिलं.

"मी घालते," मागून आवाज आला. म्हातारी पायऱ्यांवर उभी होती. हातात पितळी तांब्या.

"कुठलं पाणी?"

"टँकरचं. माझ्या वाट्याचं. सुनेच्या वाट्याचं नाही घेत."

मला राग यायला हवा होता. इतक्या खेपा, इतके कोंब, ह्यांची मान. पण राग आला नाही. मी फळीवरून परत येऊन पायरीवर बसले. ती माझ्या शेजारी बसली. तांब्या दोघींच्या मध्ये.

"मावशी," मी म्हटलं, "हा जगला तर भिंत पडेल. आम्ही लावलेले दगडही जातील. कोणी खाली असलं तर..."

"ठाऊक आहे."

"मग?"

"सून म्हणते दगड. मी म्हणते पाणी. दोघींचं खरं असलं तर काय करायचं, तू सांग बाय."

उन्हाने दगड तापले होते, वरून ह्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग तिने तांब्या उचलला, एक घोट स्वतः घेतला आणि माझ्यापुढे केला. त्या पाण्याला डिझेलचा वास होता. मी प्यायले.

वर आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते विहिरीत डोकावले, कोंब बघितले, म्हणाले, "आज राहू दे."

"वाढतील."

"वाढू देत. पुढच्या खेपेला बघू."

त्या खेपेला आम्ही कोंब न खुडता परत आलो. हिशेबाने ती चूकच होती. पुढच्या वेळी कोंबांची फांदी झालेली होती आणि वर सून वाट बघत होती. हाताचं प्लास्टर कधीच निघालं होतं, पण कोपर सरळ होत नव्हतं आणि पुढेही कधी पूर्ण सरळ झालं नाही. तिच्या दुसऱ्या हातात कोयता होता.

"सासूशी बोलले," ती म्हणाली. "भांडलो. दोन दिवस चूल पेटली नाही. आता ती म्हणते, पाऊस येईपर्यंत पाणी घालेन, पाऊस आला की सोडेन."

"आणि तोवर कोंब?"

"तोवर ती घालेल पाणी, मी कापेन." एवढं बोलून ती हसली. मला हसायचं त्राण नव्हतं, तरी हसले.

तिला कमरेचा पट्टा कसा बांधायचा, कुठे पाय ठेवायचा, कोंब मुळातून कसा काढायचा ते दाखवलं. खाली कोणी उभं नाही हे बघितल्याशिवाय कोयता उचलायचा नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. पण एकटीने उतरायचं नाही, दोर धरायला कोणीतरी हवं, हे निक्षून सांगितलं. नवरा तर उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर असायचा. दोर कोण धरायचं, ते मी विचारलं नाही. नंतर कळलं, सासूच धरायची.

पाऊस आला, विहीर भरली. काठोकाठ नाही, पण भरली. म्हातारीने तांब्या बंद केला. भिंत उभी राहिली, पण निर्धास्त नाही. आत एक मूळ कुजून पोकळी झाली होती. त्यावरचा एक दगड बोटभर आत गेला. पावसाळ्यानंतर तो काढून, कुजलेलं साफ करून, मागे दगडाच्या चिपा आणि चुना भरून पुन्हा बसवावा लागला. अशा पोकळ्या आणखी होणार. मूळ जिथून जातं तिथे त्याची जागा मोकळी राहते आणि ती कोणीतरी भरायला हवी.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा उतरलं, आधीच्याइतकं नाही. टँकर आला, पण उशिरा. उंबरामुळे गेलं होतं की आणखी कशामुळे, ते कोणालाच ठरवता आलं नाही आणि आता कोणी तो विषय काढत नाही. बायका आमच्याशी बोलतात, चहाही येतो. ती मोठ्याने बोललेली बाई मात्र अजून मान वळवून जाते. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा हे टेम्पोतून उतरलेच नाहीत. मान आता वरही होत नाही आणि फार खालीही होत नाही. मी आणि सून खाली उतरलो. उंबराचा बुंधा काळा पडला आहे, नखाने खरवडलं की भुसा पडतो. एका बाजूला मात्र एक हिरवा ठिपका होता, तो तिने काढला. शेजारच्या भिंतीत पिंपळाची नवी रोपं आली होती, ती मी बोटांनी ओढली. ती अजून ओढण्याएवढी लहान होती. पाखरांना कोण सांगणार?

वर आले तर म्हातारी टेम्पोच्या खिडकीशी उभी राहून ह्यांच्या मानेला तेल चोळत होती आणि हे डोळे मिटून बसले होते. शिव्या चालूच होत्या.

"परत कधी येणार?" तिने मला विचारलं.

"भाताची कापणी झाली की."

"लवकर ये," ती म्हणाली. "सुनेच्या हाताला थंडीत कळ येते."

मी दोर गोळा करून टेम्पोत टाकले. चारोटीच्या पुढे चिकूच्या वाड्या लागल्या तोवर हे झोपले होते, तोंड किंचित उघडं, गळ्याला पट्टा. मी टेम्पो सावकाश चालवला, खड्डे चुकवत, म्हणजे त्यांची झोप मोडू नये.